चार टायर नवे घेताय? मग स्टेपनीचं काय करायचं ते तिच्यावरचे चार आकडे पाहून ठरवा

हिंगोली : हळदीचे किंवा सोयाबीनचे पैसे हातात आले की जिल्ह्यात गाड्यांची राहिलेली कामं निघतात. त्यात टायरचं काम सगळ्यात जड. साध्या कारचे चार टायर म्हटले तरी पंधरा-वीस हजारांचा विषय होतो. गाडी जॅकवर चढली की दुकानदार हमखास विचारतो, "मालक, चारच टाकायचे की स्टेपनीचा पण?" मालक डिक्की उघडतो, स्टेपनीवर अंगठा फिरवतो, नक्षी कोरी लागते आणि तिथंच उत्तर ठरतं, "ही तर नवीच आहे, राहू द्या."

हे उत्तर पुष्कळदा बरोबरच असतं. पाच हजार वाचतात, वाईट काही नाही. पण अंगठ्यानं टायरची झीज कळते, वय कळत नाही. आणि स्टेपनी झिजून खराब होत नाही, ती पडून पडून खराब होते.

कळमनुरीकडच्या एखाद्या गावातून रात्री दीड-दोनला पेशंट घेऊन नांदेडला निघालेली गाडी वारंगा फाट्याच्या अलीकडं पंक्चर झाली, तर त्या वेळेला कोणता पंक्चरवाला उघडा असणार? तेव्हा स्टेपनी बाहेर काढली आणि तिच्यात हवाच नाही, किंवा हवा आहे पण दहा-वीस किलोमीटरवर टायरच्या पोटाला फुगा आला, तर नक्षी कोरी होती याचा काय उपयोग? स्टेपनी वर्षातून एकदा लागते, कधी तीन वर्षांतून एकदा. पण लागते तेव्हा अशाच वेळेला लागते.

चार आकडे कुठं असतात, कसे वाचायचे

प्रत्येक टायरच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी अशी तीन इंग्रजी अक्षरं आणि त्यापुढं अक्षर-आकड्यांची एक रांग असते. रांगेच्या शेवटी लांबट गोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. हीच टायरची जन्मतारीख. पहिले दोन आकडे वर्षातला आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. समजा आकडे २३१९ असे असतील तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बनलेला. ०४२४ असेल तर २०२४ च्या जानेवारीतला. २००० सालापासूनच्या टायरवर हीच पद्धत आहे. तुमच्या टायरवर चारऐवजी तीनच आकडे निघाले तर तो टायर त्याही आधीचा. मग पुढं काही बघायची गरज नाही.

एक अडचण येते. हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असते. डिक्कीतली स्टेपनी उलटी करून बघावी लागते. पिकअप, छोटा हत्ती, क्रूझर यांची स्टेपनी गाडीखाली साखळीला लटकलेली असते, तिथं मोबाईलची टॉर्च लावून, चिखल पुसून बघावं लागतं. दिसलं की फोटो काढून ठेवा. दुकानात तोच फोटो कामाला येतो.

न चालवलेला टायर म्हातारा का होतो

हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. चाललाच नाही तर खराब कसा होईल?

टायर रबराचा असतो आणि रबराला हवेतला ऑक्सिजन, ओझोन, ऊन आणि उष्णता खाते. रबर हळूहळू कडक होतं, त्यातला लवचिकपणा जातो. घरातली जुनी पाण्याची नळी किंवा पायातली जुनी चप्पल न वापरता दोन-चार वर्षं माळ्यावर ठेवली आणि मग वाकवली तर जशी तडकते, तसंच हे. कंपन्या रबरात एक मेणासारखा पदार्थ घालतात. टायर फिरत असतो, दबत-उठत असतो, तेव्हा तो पदार्थ आतून पृष्ठभागावर येत राहतो आणि ओझोनपासून रबराला वाचवतो. पडून असलेल्या टायरमध्ये ही हालचालच होत नाही. म्हणजे काही बाबतीत रोज चालणारा टायर पडून राहिलेल्यापेक्षा बरा.

बाजूच्या भिंतीवरच्या बारीक तडा डोळ्यांना दिसतात. खरा धोका आत असतो. रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे रबरात चिकटवलेले असतात. ती चिकट जुनी झाली की टायर उभा असताना धडधाकट दिसतो, पण वेग आणि वजन आलं, टायर तापला की पट्टा सुटू लागतो. आधी गाडी थरथरते, मग नक्षीचा अख्खा पट्टा उकलून निघतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं टायरच्या वयाचा अभ्यास केला तेव्हा त्यातही हेच पुढं आलं, की गरम हवेच्या राज्यांत टायर लवकर म्हातारे होतात आणि स्टेपनीसुद्धा वयाला अपवाद नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो. बंद डिक्कीत किंवा उन्हात उभ्या बोलेरोच्या मागच्या दारावर काय होत असेल, ते हात लावून बघितलं तरी कळतं.

मग मर्यादा किती धरायची? टायर कंपन्या साधारण असं सांगतात, की पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, काढून टाकावा. स्टेपनी यात धरलेली आहे. कित्येक गाडी कंपन्या आणखी कडक आहेत, त्या सहा वर्षं म्हणतात. मराठवाड्यातलं ऊन बघता दहाचा आकडा विसरून सहा-सातच डोक्यात ठेवलेला बरा.

आता हिशेब : कुणी पाचवा घ्यायचा, कुणी नाही

रोज चालणाऱ्या गाडीचा हिशेब वेगळा आणि दारात उभ्या गाडीचा वेगळा. लोक नेमके उलटे वागतात. जास्त चालवणारा घाबरून पाचवा घेतो, आणि ज्याची गाडी महिन्यातून चारदा निघते तो म्हणतो, "आपली तर चालतच नाही."

समजा वसमत-नांदेड किंवा औंढा-हिंगोली अशी रोज सवारी मारणारी गाडी आहे. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर होतात. टायर दोन वर्षांत संपले. स्टेपनी गाडीबरोबरच आलेली, म्हणजे तीही दोनच वर्षांची आणि कोरी. इथं पाचवा टायर घेणं म्हणजे पैसे वाया. उलट हीच कोरी स्टेपनी खाली उतरवून चालत्या चाकात लावा, तीनच नवे टायर घ्या आणि जुन्या चारांतला जो सगळ्यात बरा असेल त्याला स्टेपनी करा. टायर ५,००० रुपयांचा धरला तर चाराऐवजी तीन, सरळ ५,००० वाचले.

यात दोन अटी आहेत. नवे तीन टायर स्टेपनीच्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे आणि मापाचे मिळाले पाहिजेत, कारण एका एक्सलवर दोन वेगळ्या जातीचे टायर चालत नाहीत. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. दुसरी अट म्हणजे जुन्यांतला एक तरी जगवण्यासारखा राहिलेला हवा. कायद्यानं चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल लागते. खाचांच्या तळाला आडव्या बारीक पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्या पट्ट्यांना टेकली की टायर संपला समजायचं. चारही टायर गोटा होईपर्यंत ओढले, तर त्यातून स्टेपनी कुठून निघणार? अडीच-तीन मिलिमीटरवर बदलणाऱ्याला हा फायदा मिळतो, शेवटपर्यंत ताणणाऱ्याला मिळत नाही.

आता दुसरी गाडी घ्या. घरची कार. लग्नकार्य, आषाढीला पंढरपूर, मुलीचं सासर, कधी दवाखाना. वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर. हिचे टायर सहा-सात वर्षं पुरतात. चार बदलायची वेळ येते तेव्हा स्टेपनीही सात वर्षांची झालेली असते. तिला राहू दिली तर ती पुढच्या सात वर्षांच्या जोडीवर चौदा वर्षांची होणार. जुन्या चारांतला एखादा ठेवावा तर तोही त्याच वयाचा. इथं पाचवा टायर घ्यायचाच. ५,००० रुपये सात वर्षांवर वाटले तर वर्षाला सातशेच्या आसपास पडतात. एका रात्रीच्या टोचनमध्ये, म्हणजे गाडी ओढून आणण्यात, याच्या कितीतरी पट जातात.

मधली परिस्थितीही असते. स्टेपनी चार-पाच वर्षांची आहे, एकदाच लागलेली आहे. तेव्हा ती राहू द्या, पण दोन वर्षांनी पुन्हा तारीख बघायची हे लक्षात ठेवा. किंवा मग तिला आत्ताच चालत्या चाकात घेऊन संपवा आणि नव्यातला एक स्टेपनीला टाका. पडून म्हातारी होण्यापेक्षा रस्त्यावर झिजलेली परवडली.

जुनी गाडी घेतलेल्यांनी तर दुकानात जायचीही वाट बघू नये. पुण्या-मुंबईकडून आपल्याकडं येणाऱ्या जुन्या गाड्यांना विकताना चार टायर चकचकीत टाकून दिलेले असतात आणि स्टेपनी गाडीच्या मॉडेलइतकीच जुनी राहिलेली असते. कुणी ती बघत नाही, म्हणून कुणी बदलत नाही. २०१४ ची गाडी असेल तर स्टेपनीवर १४ किंवा १३ हे आकडे निघण्याची दाट शक्यता.

पाचही टायर फिरवणारे

बजाज चेतक ज्यांनी चालवली आहे त्यांना यातलं अर्धं ज्ञान आधीपासून आहे. चेतकची पुढचं, मागचं आणि स्टेपनीचं अशी तिन्ही चाकं एकाच मापाची असायची. मागचा टायर लवकर झिजतो म्हणून लोक तो पुढं घ्यायचे, पुढचा स्टेपनीला, स्टेपनी मागं. तीन टायर सारखे झिजायचे आणि एकही पडून वाया जायचा नाही.

चारचाकीतही हे जमतं, फक्त स्टेपनी इतर चाकांच्याच मापाची असली पाहिजे. बोलेरो, थार, पिकअप अशा गाड्यांना बहुधा तशीच असते. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं फिरवताना स्टेपनीलाही रांगेत घ्यायचं. चार टायर ४०,००० किलोमीटर जात असतील तर पाच फिरवून गाडी ५०,००० जाते. वर स्टेपनी कायम तपासलेली, हवा भरलेली राहते. शेवटी पाचही एकदम बदलावे लागतात, तो खर्च मात्र एकरकमी येतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो सोडून दुसऱ्या बाजूला लावू नये, एवढं मिस्त्रीला सांगायचं.

सगळे बदलायचे पैसे नसले आणि दोनच टायर घ्यायचे असले तर कुठं लावायचे, यावर पारावर वाद होतात. आपल्याकडं नवे पुढं टाकतात. टायर कंपन्या सांगतात मागं टाका. पावसात पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून, स्टेअरिंग सांभाळून गाडी आवरता येते, पण मागची घसरली की गाडी गिरकी घेते आणि ती साध्या ड्रायव्हरच्या हातात राहत नाही, असं त्यामागचं कारण. पुढचे टायर गुळगुळीतच असतील तर अर्थातच हा प्रश्न उरत नाही, चारही बदलायला आलेले असतात.

मॅग व्हील, लहान स्टेपनी आणि स्टेपनी नसलेल्या गाड्या

अलॉय म्हणजे मॅग व्हीलच्या गाड्यांत चालती चाकं मोठी आणि स्टेपनी लोखंडी, एक माप लहान, असं पुष्कळदा असतं. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरचं स्टिकर असतं. ते शोभेला नाही. लहान चाक लावून गाडी एका बाजूला कलते, ब्रेक आणि वळण बदलतं. अशी स्टेपनी पंक्चरच्या दुकानापर्यंत जाण्यापुरती. ती पुढच्या चाकाला लावायची वेळ आली आणि जागा असली, तर मागचं मोठं चाक पुढं घ्या आणि लहान मागं लावा, कारण बहुतेक कारचं इंजिन पुढच्या चाकांना ओढतं. काही मॅग व्हीलचे नट लोखंडी चाकाला बसत नाहीत, त्याचे वेगळे नट टूलकिटमध्ये असतात. ते आहेत का, हे अंधारात शोधण्यापेक्षा आजच बघा.

हौसेनं रुंद टायर टाकून घेणाऱ्यांची स्टेपनी जुन्याच मापाची राहते, हेही इथंच सांगायला हवं. गाडीला रेडियल आणि स्टेपनीला नायलॉन, असाही प्रकार जुन्या जीपगाड्यांत सापडतो. तो एका एक्सलवर जोडीनं चालवायचा नाही. आणि पिकअपला कारचा टायर स्टेपनी म्हणून टाकणारे लोकही आहेत. माप जुळलं तरी भार सोसायची ताकद जुळत नाही. दीड टन हळद भरून वसमतच्या मोंढ्याला निघालेल्या गाडीखाली तो किती टिकेल?

काही नव्या गाड्यांत स्टेपनीच मिळत नाही. ती फसवणूक नाही. २०२० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं नियमात बदल केला आणि १ ऑक्टोबर २०२० पासून तो लागू झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट दिलेलं असेल, तर स्टेपनी देणं बंधनकारक नाही. त्या किटनं बाभळीच्या काट्याचं किंवा खिळ्याचं पंक्चर भागतं. पण खडीच्या रस्त्यावर दगडानं टायरची बाजूची भिंत फाटली तर किटचा काही उपयोग नाही. आपल्या पांदण रस्त्यांवर दुसरा प्रकार काही कमी होत नाही. अशी गाडी घेणाऱ्यानं त्याच मापाची रिम आणि टायर वेगळा घेऊन ठेवायचा विचार करावा, डिक्कीतली जागा गेली तरी. सीएनजीच्या गाड्यांत सिलिंडरमुळं स्टेपनी आडवळणाला बसवलेली असते. ती कशी निघते, हे गाडी घेतानाच शोरूमवाल्याकडून प्रत्यक्ष काढून दाखवून घ्या.

"एक सेकंडहँड टाकून देतो की"

पाचव्याला नवीन परवडत नसेल तर दुकानदार जुना टायर सुचवतो. हजार-दीड हजारात काम होतं. घ्यायला हरकत नाही, पण तीन गोष्टी बघून. आधी ते चार आकडे. मग आतून बघा, रिमवर चढवायच्या आधी. आत ठिगळ, काळी भुकटी किंवा गोल फिरलेली घासल्याची रेघ दिसली तर तो टायर हवा नसताना चाललेला आहे, परत द्या. आणि खाचा बोटानं तपासा. गुळगुळीत टायरला गरम हत्यारानं नव्या खाचा कोरून चांगला म्हणून विकायचा उद्योग सगळीकडं चालतो. अशा टायरच्या खाचांत त्या आडव्या पट्ट्या कापल्या गेलेल्या असतात आणि खाचेच्या तळाशी रबर अगदी पातळ राहिलेलं असतं.

रिमोल्ड ही वेगळी गोष्ट आहे. ट्रक, बसचे टायर चांगल्या कारखान्यात रिमोल्ड होतात आणि चालतात. एसटी महामंडळाचे स्वतःचे टायर पुनःस्तरणाचे प्रकल्प आहेत. पण कारच्या स्टेपनीला रिमोल्ड शोधत बसण्यात अर्थ नाही, फरक थोडाच पडतो.

ट्रॅक्टरला कुणी स्टेपनी बाळगत नाही, बाळगणं शक्यही नाही. ट्रॉलीचं मात्र तसं नाही. ऊस भरलेली ट्रॉली रात्री वसमत किंवा डोंगरकड्याच्या रस्त्यावर पंक्चर होऊन बिनालाईटची उभी राहते, आणि मागून येणारा दुचाकीवाला तिच्यात घुसतो. ट्रॉलीला एक चांगलं जादा चाक आणि मागं रिफ्लेक्टर, हे दोन्ही हंगामाच्या आधी व्हायला पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणि इतर गाड्यांच्या नव्या टायरवरचा २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिल घेताना तो आकडा बघा.

समृद्धीला जाणाऱ्यांसाठी

जिल्ह्यातल्या गाड्या आता वाशीममार्गे मालेगाव किंवा शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढतात. गावच्या रस्त्यावर पन्नास-साठनं चालणारा टायर तिथं तासन्‌तास शंभर-एकशेवीसनं तापतो. २०२३ मध्ये अपघात वाढले तेव्हा परिवहन विभागानं तिथं टायर तपासणी सुरू केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. सगळे अपघात टायरच्या नावावर टाकण्यातही अर्थ नाही. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ जण गेले, तेव्हा ड्रायव्हरनं टायर फुटल्याचं सांगितलं होतं, पण आरटीओच्या तपासणीत टायर फुटल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत.

समृद्धीवर लहान किंवा सहा वर्षांवरची स्टेपनी लावून पुढचा प्रवास करू नये. पहिल्याच इंटरचेंजला खाली उतरावं. चाक बदलायला गाडी डावीकडं पूर्ण कडेला घ्या, लाईट लुकलुकत ठेवा, त्रिकोण बराच मागं ठेवा आणि माणसं, विशेषतः लेकरं, गाडीत किंवा गाडीमागं न ठेवता कठड्याच्या पलीकडं उभी करा. अकोला-हिंगोली-नांदेड राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ हा मदतीचा नंबर आहे.

हवा, जॅक, पाना

नवी स्टेपनी टाकून तिच्याकडं परत तीन वर्षं बघितलंच नाही, तर पाच हजार घालवल्यासारखेच. उभ्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप जाते. दोन वर्षांत वीस-पंचवीस पीएसआय गेली, तर ३३ वाल्या टायरमध्ये उरलं काय? चार चाकांची हवा बघताना पाचव्याचीही बघायला सांगा, दोन-तीन पीएसआय जास्तच भरून ठेवा. पंपावरचा पोरगा आपण होऊन डिक्की उघडायला सांगणार नाही.

गाडीखालच्या स्टेपनीची साखळी आणि नट चिखल, शेणामातीनं गंजून अडकतात. वेळेवर चार माणसं लागली तरी निघत नाही. तिला वर्षातून एकदा खाली उतरवून ग्रीस लावायचं. चोरीची भीती असेल तर कुलूपसाखळी लावा, पण किल्ली गाडीतच राहू द्या. बोलेरोच्या मागं लावलेल्या स्टेपनीला कव्हर घाला, ऊन कमी लागतं.

यासाठी सोपा मुहूर्त दसऱ्याचा. गाडी धुऊन पूजा करायची असतेच. त्या दिवशी स्टेपनी बाहेर काढा, तारीख बघा, हवा भरा, जॅक वर-खाली करून बघा, नटांना पाना बसतो का ते बघा. मशीननं आवळलेले नट हातपान्यानं सुटत नाहीत असा अनुभव अनेकांना रस्त्यात येतो, तो घरी आलेला बरा. घरात जी जी माणसं गाडी चालवतात, त्या सगळ्यांना एकदा चाक बदलून बघू द्या. मुलींनाही.

दुकानात नवा टायर घेताना त्याचेही चार आकडे बघायचे विसरू नका. काही महिने जुना स्टॉक असला तर बिघडत नाही. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावानं घ्यायचं कारण नाही, दुसरा मागा. बिलावर टायरचा नंबर लिहून घ्या, वॉरंटीला लागतो. विम्याच्या भरवशावर राहू नका. नुसता टायर फुटला तर साध्या विम्यात त्याचे पैसे मिळत नाहीत. गाडीचं इतर नुकसान सोबत झालं असेल तरच मिळतात, तेही निम्मे.

काढलेले जुने टायर घरी आणले तर पत्र्यावर वजन म्हणून टाकून देऊ नका. पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ठेवायचेच असतील तर सावलीत, झाकून, नाहीतर खालच्या बाजूनं भोकं पाडून ठेवा. जाळू तर नकाच. दुकानदार ते जुन्यात घेतो, हिशेबात शे-दोनशे कमी करून मागता येतात.